संगणकीय सेवेचे व्याख्यापत्र आणि मधली यंत्रणा

कला महाविद्यालयाच्या वार्षिकांकात संगणकाच्या पोटातील व्यवहारावर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. माझे उत्तर असे की, ज्या गोष्टीवर मी लिहीत आहे ती मूलतः भाषेची गोष्ट आहे. दोन कचेऱ्यांतील दोन संगणक एकमेकांशी बोलू लागले की त्यांना शब्दसंग्रह लागतो, वाक्यरचनेचे नियम लागतात आणि कोणता शब्द कोणत्या अर्थाने वापरावयाचा याचा करार लागतो. हा करार लिहून ठेवावा लागतो. तो कोणाला वाचता येतो आणि कोणाला येत नाही, यावर सामान्य माणसाचे बरेच काही अवलंबून असते. शिष्यवृत्ती, पीकविमा, जमिनीचा फेरफार या तिन्ही गोष्टी आज जालना जिल्ह्यातील घराघरांत पोचल्या आहेत आणि तिन्हींच्या मागे असे करार उभे आहेत. तेव्हा हा विषय केवळ अभियंत्यांवर सोपवून आपण मोकळे व्हावे, असे मला वाटत नाही.

प्रथम ‘सेवा’ म्हणजे काय ते पाहू. समजा, भोकरदन तालुक्यातील एका शेतकऱ्याने जमीन विकत घेतली. दुय्यम निबंधकांच्या कचेरीत खरेदीखत नोंदले गेले. पूर्वी या नोंदणीची वर्दी कागदावरून महसुलाकडे जात असे किंवा शेतकरी स्वतःच खताची नक्कल घेऊन तलाठ्याकडे चकरा मारीत असे. तलाठी गाव नमुना ६ मध्ये फेरफाराची नोंद घेत, नमुना ९ ची नोटीस काढीत, हरकतीसाठी पंधरा दिवस जात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करीत आणि त्यानंतर सातबाऱ्यावर नव्या मालकाचे नाव चढे. तलाठ्यांचे पदनाम आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे झाले आहे, पण नमुन्यांचे क्रमांक तेच आहेत. ई-फेरफार प्रकल्पाने बदल केला तो वर्दीच्या टप्प्यात. नोंदणी खात्याच्या ‘आय-सरिता’ या प्रणालीत दस्त नोंदला की त्याची माहिती संगणकाद्वारेच तहसिलीच्या बाजूला जाते. दोन्ही प्रणाली वेगळ्या काळी, वेगळ्या गरजेपोटी तयार झालेल्या. एकीला दस्ताचा क्रमांक महत्त्वाचा, दुसरीला गट क्रमांक आणि खाते क्रमांक. एकीने विचारावे आणि दुसरीने ठरलेल्या रीतीने उत्तर द्यावे, अशी व्यवस्था केली की त्या उत्तर देण्याच्या कामाला संगणकाच्या परिभाषेत ‘सेवा’ म्हणतात. ती जाळ्यावरून मिळते म्हणून ‘वेब सर्व्हिस’.

आता या सेवेचे वर्णन. तिचे नाव काय, तिला काय द्यावयाचे, ती काय परत देणार, अडचण आली तर काय सांगणार आणि ती कोठे भेटणार, हे सारे एका ठिकाणी लिहिलेले असले पाहिजे. अशा वर्णनासाठी ‘वेब सर्व्हिसेस डिस्क्रिप्शन लँग्वेज’ नावाची लेखनपद्धती निघाली. तिचे लघुरूप डब्ल्यूएसडीएल. तिची १.१ ही आवृत्ती एरिबा, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट या तीन कंपन्यांनी मार्च २००१ मध्ये ‘वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम’ या प्रमाणक संस्थेकडे सादर केली. २.० या आवृत्तीला त्या संस्थेची रीतसर मान्यता जून २००७ मध्ये मिळाली, तरी व्यवहारात टिकली ती १.१ च. या लेखात मी अशा लेखाला ‘व्याख्यापत्र’ म्हणणार आहे. त्याहून सोपा शब्द मला सुचला नाही.

व्याख्यापत्राची रचना व्याकरणाच्या विद्यार्थ्याला ओळखीची वाटावी अशी आहे. आरंभी ‘टाइप्स’ म्हणजे शब्दसंग्रह: गट क्रमांक हा मजकूर की संख्या, क्षेत्र कोणत्या एककात, तारीख कशी लिहावयाची. मग ‘मेसेज’ म्हणजे येणारा आणि जाणारा निरोप. त्यानंतर ‘पोर्टटाइप’, ज्यात क्रियापदे असतात: सातबारा दे, फेरफाराची स्थिती सांग. पुढे ‘बाइंडिंग’, म्हणजे हा निरोप कोणत्या लिफाफ्यातून आणि कोणत्या मार्गाने पाठवावयाचा. हा लिफाफा बहुधा ‘सोप’ नावाच्या पद्धतीचा असतो. अंगाला लावावयाच्या साबणाशी त्याचा काही संबंध नाही. आणि शेवटी ‘सर्व्हिस’, म्हणजे पत्ता. हा शेवटचा भाग लक्षात ठेवावा, कारण मधल्या यंत्रणेचा सगळा घोटाळा याच पत्त्यापाशी होतो.

त्याआधी शब्दसंग्रहाच्या भागाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण आपल्या जिल्ह्यातल्या कोणालाही त्याचे मोल चटकन कळेल. एखाद्या प्रणालीने दुसरीला क्षेत्र म्हणून नुसते ‘१.२०’ असे कळविले. याचा अर्थ काय? सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, तेथे १.२० म्हणजे १ हेक्टर २० आर, अर्थात १२० आर. पण घरात, बांधावर आणि सोयरिकीच्या बैठकीत आपण बोलतो ते एकर-गुंठ्यात. एखाद्या जुन्या यादीत १.२० याचा अर्थ १ एकर २० गुंठे असा असू शकतो. एक एकर म्हणजे ४० गुंठे आणि एक गुंठा म्हणजे सुमारे १.०१ आर. म्हणजे हे क्षेत्र झाले ६० गुंठे, अंदाजे ६०.७ आर. आकडा एकच, पण एका वाचनात जमीन दुसऱ्या वाचनाच्या जवळजवळ दुप्पट! शिवाय कोणी १.२० हा साधा दशांश समजून ‘एक पूर्णांक दोन दशांश एकर’ असे वाचले, तर तिसरेच उत्तर येईल. गणित कोणाचेच चुकलेले नसते. चूक असते ती एकक न लिहिण्यात. ज्याने व्याख्यापत्र नीट लिहिले त्याने ‘क्षेत्र, हेक्टरमध्ये, चार दशांश स्थळांपर्यंत’ असे नमूद केले असते आणि ज्याच्या हाती ते व्याख्यापत्र पडले त्याला शंका घेण्याचे कारणच उरले नसते. अनुदान हेक्टरी दराने मिळते, तेव्हा हा प्रश्न पुस्तकी नाही.

आता मधल्या यंत्रणेकडे येऊ. समजा, दहा खाती आहेत आणि प्रत्येकाला इतर प्रत्येकाशी बोलावयाचे आहे. थेट दुवे जोडावयाचे तर ते ४५ होतात. वीस खाती झाली की १९०. प्रत्येक दुव्याची वेगळी बोली, वेगळी दुरुस्ती. त्याऐवजी मधोमध एक यंत्रणा बसवावी, प्रत्येक खात्याने फक्त तिच्याशी जोडून घ्यावे आणि निरोप पोचविण्याचे, गरज पडल्यास त्याचे रूप बदलण्याचे काम तिने करावे, ही कल्पना पुढे आली. अशा यंत्रणेस ‘मिडलवेअर’ आणि तिच्या एका प्रचलित प्रकारास ‘एंटरप्राइज सर्व्हिस बस’ म्हणतात. आपल्याकडे राष्ट्रीय ई-प्रशासन योजनेला २००६ मध्ये मंजुरी मिळाली आणि तिच्या अंतर्गत ‘नॅशनल सर्व्हिस डिलिव्हरी गेटवे’ ही यंत्रणा २००८ मध्ये सुरू झाली. ती उभारण्याचे काम केले ते सी-डॅक या संस्थेने. तीच सी-डॅक, जी १९८८ मध्ये स्थापन झाली, जिचे मुख्यालय पुण्यात आहे आणि जिने १९९१ मध्ये ‘परम’ महासंगणक तयार केला. या यंत्रणेत एका बाजूस सेवा देणारी खाती, दुसऱ्या बाजूस नागरिकांच्या वतीने सेवा मागणारी केंद्रे व संकेतस्थळे आणि मध्ये गेटवे, अशी मांडणी होती. कोणती सेवा कोठे आहे हे सांगणारी निर्देशिकाही तिच्यासोबत कल्पिलेली होती. राज्यांसाठी अशाच धर्तीचे राज्यस्तरीय गेटवे करावयाचे होते.

मराठवाड्यातल्या वाचकाला मधला माणूस म्हटले की मोंढा आठवतो. आडत्या हा तसा वाईट माणूस नव्हे. त्याच्याकडे दोन्ही बाजूंची ओळख असते आणि शेतकऱ्याला शंभर खरेदीदार शोधत फिरावे लागत नाही. परंतु बाजार समित्यांचे नियमन येण्यापूर्वी देशाच्या अनेक भागांत रुमालाखाली हात धरून बोटांनी भाव ठरविण्याची पद्धत होती. माल ज्याचा, त्यालाच आपला भाव दिसत नसे! महाराष्ट्रातील १९६३ च्या कायद्यासारख्या कायद्यांनी उघड लिलाव आणि लेखी हिशोबपट्टी यांचा आग्रह धरला तो याचसाठी. आडत राहिली, रुमाल गेला. संगणकाच्या मधल्या यंत्रणेबाबतही माझी भूमिका हीच आहे. यंत्रणा हवी. पण तिच्यामागच्या सेवेचे व्याख्यापत्र तिच्या दारातच उघडपणे वाचावयास मिळाले पाहिजे. ते तसे मिळत नाही, याची कारणे काही वेळा धोरणाची असतात; पुष्कळ वेळा मात्र ती निव्वळ तांत्रिक हलगर्जीपणाची असतात. ती तांत्रिक बाजू आता पाहू.

सेवा थेट उघडी असते तेव्हा व्याख्यापत्र मिळविणे सोपे असते. सेवेच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह टाकून ‘डब्ल्यूएसडीएल’ ही अक्षरे जोडली की बहुतेक प्रणाली ते समोर ठेवतात. हा एक रूढ संकेत आहे. मधली यंत्रणा आली की मूळ सेवा आतल्या खोलीत जाते आणि बाहेर तिची ‘प्रतिनिधी सेवा’ उभी राहते. आता प्रश्नचिन्ह लावून व्याख्यापत्र मागितले, तर ते कोणी द्यावयाचे? प्रतिनिधीने. आणि त्यात काय लिहिलेले असावे? येथे पहिली अडचण येते. प्रतिनिधीने आतल्या सेवेचे व्याख्यापत्र जसेच्या तसे आणून बाहेर टांगले, तर त्यातील शेवटचा भाग, म्हणजे पत्ता, हा आतल्या खोलीचा असतो. बहुधा तो कचेरीच्या खाजगी जाळ्यातला, १९२.१६८ अशा आकड्यांनी सुरू होणारा पत्ता असतो आणि त्या आकड्यांना इमारतीबाहेर काही अर्थ नसतो. वाचणाऱ्याचा संगणक इमानेइतबारे त्या पत्त्यावर निरोप पाठवितो आणि तो कोठेच पोचत नाही. तहसिलीच्या फाटकावर ‘अर्ज खोली क्रमांक ७ मध्ये द्यावा’ अशी पाटी असावी आणि फाटकाला कुलूप असावे, तसला हा प्रकार. म्हणून व्याख्यापत्र बाहेर देताना त्यातील पत्ता बदलून मधल्या यंत्रणेचा स्वतःचा, बाहेरून पोचता येईल असा पत्ता लिहावा लागतो. साधा ‘एचटीटीपी’ मार्ग आत चालत असेल आणि बाहेर सुरक्षित ‘एचटीटीपीएस’ मार्ग असेल, तर तोही बदल करावा लागतो. आतला पत्ता बाहेर दिसणे सुरक्षिततेच्या दृष्टीनेही बरे नव्हे.

दुसरी अडचण पुरवण्यांची. व्याख्यापत्रातील शब्दसंग्रह पुष्कळदा त्याच कागदावर नसतो. ‘यासाठी सोबतची पुरवणी पाहावी’ असा नुसता निर्देश असतो. ती पुरवणी आणखी एका पुरवणीकडे बोट दाखविते. मुख्य कागद बाहेर आला आणि पुरवण्या आतच राहिल्या, तर तो अर्धवट कागद वाचून कोणालाही काही करता येत नाही. पत्ता बदलण्याची काळजी घेणारे लोकसुद्धा या पुरवण्या विसरतात. शासन निर्णय मिळावा, पण त्याचे परिशिष्ट ‘अ’ आणि ‘ब’ मिळू नयेत, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना अधिक सांगावयास नको. मधल्या यंत्रणेने प्रत्येक पुरवणीही आपल्या पत्त्यावरून दिली पाहिजे आणि मुख्य कागदातील प्रत्येक निर्देश त्या नव्या पत्त्याकडे वळविला पाहिजे.

तिसरी अडचण अधिक नाजूक आहे आणि तिला एकच बिनचूक उत्तर नाही. मधल्या यंत्रणेने व्याख्यापत्र दर वेळी आतल्या सेवेकडून ताजे मागून घ्यावे, की एकदा घेऊन आपल्या दप्तरात नक्कल ठेवावी? ताजे मागावे तर आतली सेवा बंद पडली असता व्याख्यापत्रही मिळत नाही. काही रचनांत तर मधली यंत्रणा सुरू होतानाच ते मागते आणि आतून उत्तर आले नाही म्हणून प्रतिनिधी सेवाच उभी राहत नाही. रात्री वीज गेली, सकाळी सगळे संगणक एकदम चालू झाले आणि मधला संगणक आतल्याआधी जागा झाला, तर असा प्रसंग येऊ शकतो. नक्कल ठेवावी तर ती शिळी होण्याचे भय. आत रकाना वाढला आणि बाहेरच्या नकलेत तो नाही, की बाहेरचा माणूस जुन्या नमुन्यावर अर्ज भरीत राहतो. माझ्या मते नक्कलच ठेवावी, पण तिच्यावर आवृत्तीचा क्रमांक आणि दिनांक असावा, आणि आत बदल झाला की नक्कल बदलण्याची जबाबदारी एका नेमक्या पदावर सोपविलेली असावी. दप्तर सांभाळणाऱ्या कारकुनाचे शहाणपण येथे अभियंत्याच्या चातुर्यापेक्षा अधिक उपयोगी पडते.

या तिन्ही अडचणींवर मुक्त स्रोतांतील एका प्रणालीने काढलेले उपाय पाहण्याजोगे आहेत. डब्ल्यूएसडीएल १.१ च्या चार लेखकांपैकी एक, संजीव वीरवर्णा, हे आपल्या शेजारच्या श्रीलंकेचे. आयबीएम सोडून त्यांनी २००५ मध्ये काही सहकाऱ्यांसह डब्ल्यूएसओ-टू ही कंपनी काढली. तिची मधली यंत्रणा अपाची प्रतिष्ठानाच्या ‘सिनॅप्स’ या मुक्त प्रणालीवर बेतलेली आहे. या प्रणालीत प्रतिनिधी सेवा मांडताना तिचे व्याख्यापत्र कोठून प्रसिद्ध करावयाचे ते सांगता येते: अमुक पत्त्यावरून आणा, किंवा दप्तरातील नक्कल वापरा, किंवा हे येथेच लिहिले आहे ते घ्या, आणि सोबतच्या पुरवण्या कोणत्या, तेही एकेक करून नोंदविता येते. पत्ता बदलावा की मूळचा ठेवावा, यासाठी स्वतंत्र कळ आहे. मौज पुढेच आहे. मांडणाऱ्याने यातले काहीच सांगितले नाही तरी प्रणाली रिकाम्या हाताने परत पाठवीत नाही. ती आपण होऊन एक व्याख्यापत्र तयार करून देते. मात्र त्यात एकच क्रियापद असते, ‘मिडिएट’, म्हणजे ‘मध्यस्थी कर’. काय द्यावयाचे? काहीही. काय मिळेल? काहीही. नियमाप्रमाणे हे व्याख्यापत्र निर्दोष असते आणि उपयोगाच्या दृष्टीने शून्य. ‘येथे सर्व कामे केली जातात’ अशी पाटी कोणाला वाट दाखवील? व्याख्यापत्र ‘उपलब्ध आहे’ असे एखाद्या अहवालात लिहिलेले दिसले तर ते या जातीचे नाही ना, हे पाहावे.

व्याख्यापत्रे एका ठिकाणी गोळा करून जगाला दाखविण्याचा एक मोठा प्रयत्न फसलेला आहे, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. ‘यूडीडीआय’ नावाची जागतिक निर्देशिका २००० साली सुरू झाली. टेलिफोनच्या डिरेक्टरीसारखे तिचे स्वरूप होते. कोणीही आपली सेवा नोंदवावी, कोणीही शोधावी. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि सॅप यांनी जानेवारी २००६ मध्ये आपल्या सार्वजनिक निर्देशिका बंद केल्या. व्यवहार, सेवा आणि निर्देशिका या तिघांना वेगवेगळे ठेवले, तर निर्देशिका अद्ययावत ठेवण्यात कोणाचाच स्वार्थ नसतो, असा मी याचा अर्थ लावतो. याउलट एस्टोनिया या चिमुकल्या देशाने डिसेंबर २००१ मध्ये ‘एक्स-रोड’ नावाची मधली यंत्रणा चालू केली. तिने वेगळी डिरेक्टरी छापण्याऐवजी विचारणा हीच एक सेवा केली. तुमच्याकडे कोणत्या सेवा आहेत, त्यांपैकी मला कोणत्या वापरता येतील आणि अमुक सेवेचे व्याख्यापत्र दे, असे तीन प्रश्न यंत्रणेला तिच्याच मार्गाने विचारता येतात. निरोप ज्या दारातून जातो, त्याच दारात त्या निरोपाचे व्याकरण मिळते. मला ही रचना फार शहाणपणाची वाटते.

व्याख्यापत्र उघडे ठेवावे म्हटले की एक आक्षेप हमखास येतो: मग कोणीही उठून आमची माहिती नेईल. हा गोंधळ शब्दांचा आहे. अर्जाचा कोरा नमुना आणि भरलेले अर्ज यांत जो फरक, तोच व्याख्यापत्र आणि माहिती यांत. कोऱ्या नमुन्यात कोणाचे नाव नसते, आधार क्रमांक नसतो. सेवेच्या दारावर ओळखपत्र तपासणारा पहारेकरी अवश्य असावा. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानंतर तर तो हवाच. पण कोऱ्या नमुन्यावर पहारा ठेवून काय साधते? साधते ते एवढेच की, नमुना ज्याच्याकडे आहे त्याचे महत्त्व वाढते. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील कलम ४ कार्यालयांना आपले नियम, नमुने, कार्यपद्धती आपणहोऊन प्रसिद्ध करावयास सांगते. व्याख्यापत्र हा आजच्या काळातला नमुनाच होय, असे कोणी म्हटले तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन. केंद्र शासनाने २०१५ मध्ये खुल्या ‘एपीआय’चे धोरण जाहीर केले त्याची दिशाही हीच होती, आणि ‘एपीआय सेतू’ या शासकीय व्यासपीठावर आज अनेक सेवांची वर्णने कोणालाही पाहता येतात. ती वर्णने आता बहुधा ‘ओपनएपीआय’ या नव्या पद्धतीने लिहिलेली असतात. डब्ल्यूएसडीएल जुन्या प्रणालींपुरती उरली आहे. पण पत्ता, पुरवण्या आणि शिळी नक्कल या तिन्ही अडचणी नव्या पद्धतीतही जशाच्या तशा आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्या नित्याच्या अनुभवाकडे वळतो. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना तुमचे आधार, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, बँक खाते अशा वेगवेगळ्या ठिकाणच्या गोष्टी एका धाग्यात येतात. पैसे आधारच्या वाटेने येतात तेव्हा पुष्कळांची अशी समजूत असते की, आधारला आपला खाते क्रमांक जोडलेला आहे. तसे नाही. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या ‘मॅपर’ नावाच्या मधल्या वहीत आधार क्रमांकासमोर फक्त बँक लिहिलेली असते. खाते कोणते ते ती बँक ठरविते. तुम्ही नंतर दुसऱ्या बँकेत खाते उघडले आणि तेथे आधार जोडण्यास संमती दिली, की वहीत जुन्या बँकेच्या जागी नवी बँक येते. मग जुन्या पासबुकात पैसे दिसत नाहीत आणि ‘शिष्यवृत्ती आली नाही’ अशी तक्रार घेऊन मुले कार्यालयासमोर उभी राहतात. दोष कोणाचाच नसतो. मधल्या वहीत काय लिहिले जाते याची व्याख्या मुलांपर्यंत पोचलेली नसते, इतकेच.

आणि जेथे खरोखर नकार मिळतो तेथे नकाराचे कारण काय? व्याख्यापत्रात ‘फॉल्ट’ नावाचा भाग असतो. अडचण आल्यास सेवा कोणकोणती कारणे सांगू शकते, ते तेथे लिहावयाचे: नाव जुळत नाही, दाखल्याची मुदत संपली, क्रमांक सापडत नाही. आतली सेवा हे कारण नेमके सांगते, पण मधली यंत्रणा अनेकदा ते गिळून टाकते आणि पडद्यावर ‘तांत्रिक अडचण, पुन्हा प्रयत्न करा’ एवढेच उमटते. मुलगी तीनदा प्रयत्न करते, नेट कॅफेत पैसे देते, शेवटची तारीख निघून जाते. तिच्या दाखल्यावर वडिलांचे नाव एक अक्षर वेगळे होते, हे आतल्या संगणकाला पहिल्याच वेळी कळले होते! मधल्या यंत्रणेने व्याख्यापत्र बाहेर देताना फॉल्टचा भाग गाळू नये, हा आग्रह मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. येथे भाषेच्या विद्यार्थ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सोपच्या १.२ या आवृत्तीत, जी २००३ मध्ये प्रमाण झाली, नकाराच्या कारणाचा मजकूर एकाहून अधिक भाषांत देण्याची सोय आहे आणि प्रत्येक मजकुरावर त्याच्या भाषेची खूण घालणे बंधनकारक आहे. तद्वतच डब्ल्यूएसडीएलमध्ये माणसांसाठी स्पष्टीकरण लिहावयास ‘डॉक्युमेंटेशन’ नावाची जागा राखलेली आहे. मराठीला तेथे कोणी मज्जाव केलेला नाही. ती जागा बहुधा रिकामी राहते, कारण सेवा तयार करणाऱ्या मंडळींमध्ये सुबोध मराठी लिहिणारा माणूस बसविण्याची आपल्याकडे रीत नाही.

शेवटी गावांच्या आणि जिल्ह्यांच्या नावांविषयी. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. परतूरकडचे त्याआधीचे कागद पाहिले तर त्यांवर ‘जिल्हा परभणी’ असते. जालना, अंबड, भोकरदनच्या कागदांवर ‘जिल्हा औरंगाबाद’. त्या जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. समर्थांच्या जन्मगावाचे नाव ‘जांब’ एवढेच लिहिले तर महाराष्ट्रात जांब नावाची गावे इतरत्रही आहेत. म्हणून व्याख्यापत्रात नावाबरोबर संकेतांकही मागतात. २०११ च्या जनगणनेत जालन्याचा संकेतांक ५१४ आणि औरंगाबादचा ५१५ होता. नाव बदलले म्हणून त्या जनगणनेच्या तक्त्यांतील ५१५ बदलत नाही. परंतु केंद्र शासनाच्या स्थानिक संस्थांच्या निर्देशिकेत जिल्ह्यांना दिलेले संकेतांक जनगणनेच्या संकेतांकांहून निराळे आहेत. त्यामुळे ‘जिल्हा संकेतांक’ एवढाच रकाना पुरत नाही. कोणत्या यादीतला, कोणत्या वर्षाचा, हेही व्याख्यापत्रात लिहावे लागते. आणि एखाद्या खात्याने एक यादी सोडून दुसरी धरली, तर मधल्या यंत्रणेने नव्या व्याख्यापत्राबरोबर जुनेही काही काळ, ठरलेल्या तारखेपर्यंत, दारात टांगून ठेवावे, म्हणजे जुन्या संकेतांकानिशी निघालेले अर्ज वाटेतच अडत नाहीत.